आधी बाथरूम बघा, मग तीर्थप्रसाद

मध्यंतरी आमच्या गल्लीत वास्तुशांत होती. घर जुनंच, आतून उकरून नवं केलेलं. मी आहेराची पिशवी घेऊन उंबऱ्यात पाय टाकते न टाकते तोच यजमानीणबाईंनी माझा दंड धरला. "आधी बाथरूम बघा, मग तीर्थप्रसाद." आणि चक्क वरात निघाली हो! पुढे त्या, मागे मी, माझ्या मागे त्यांच्या जावा-नणंदा, शेवटी कडेवर पोर घेतलेली एक माहेरवाशीण. देवघरावरून तशाच पुढे गेलो, गुरुजी मंत्र म्हणता म्हणता बघत राहिले. आत आम्ही सातजणी मावलो, मोजून सांगते. कुणीतरी तिथंच शिऱ्याचे द्रोण आणून हातात दिले. शिव शिव! कमोडकडे पाठ करून सात सवाष्णी प्रसाद खातायत आणि म्हणतायत, "भिंतीची शेड काय सुरेख आलीय गं!"

मीही खाल्ला. खोटं कशाला बोलू? शिरा छान होता आणि शेडही.

इंदापुरात सध्या कुणाला "काय चाललंय?" विचारलंत तर तीनच उत्तरं मिळतात. ऊस तुटला, पोरीचं जमलं, नाहीतर बाथरूम फोडलंय. पहिल्या दोन गोष्टी झाल्या की तिसरी होतेच. कारखान्याचा हप्ता खात्यात पडायचा अवकाश, हातोडे सुरू. हिशेबही टनातच चालतो. २०२५-२६च्या हंगामाला एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारी किमान दर, क्विंटलला ३५५ रुपये, तीही १०.२५ टक्के उतारा धरून. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. म्हणजे हातात येतं ते टनामागे तीन हजारांच्या आगेमागे. मग आमच्याकडे बायका किंमत कशी सांगतात? "शॉवर सात टनाला पडला." "बेसिन तीन टनाचं, पण त्याच्याखालचा बॉटल ट्रॅप धरून." एका वहिनींचं अख्खं बाथरूम एका एकराच्या खोडव्यात बसलं, आणि हे त्या अभिमानानं सांगतात. त्यांचे यजमान तेवढे गप्प असतात. वर्षभर त्या उसाला पाणी त्यांनी दिलेलं.

आमच्या घरचाही मुहूर्त निघाला तेव्हा आम्ही बारामतीला गेलो. निमगाव केतकी, अंथुर्णे, भवानीनगर, पन्नासेक किलोमीटर. मागच्या सीटवर सासूबाई. त्यांना न्यायचं नव्हतं, पण त्या पदर खोचून आधीच गाडीत बसलेल्या.

शोरूम म्हणजे काय सांगू! आत गारवा, मंद संगीत, आणि भिंतीवर ओळीनं लटकलेले कमोड, एकेकावर वेगळा दिवा. १९१७ साली न्यूयॉर्कला मार्सेल द्युशाँ नावाच्या कलावंतानं मुतारीचं भांडं आडवं करून 'फाउंटन' म्हणून प्रदर्शनाला पाठवलं, तर संयोजकांनी ते मांडलंच नाही. शंभर वर्षं थांबून बारामतीला आला असता, तर प्रवेशद्वाराशीच मांडलं असतं.

सेल्समन पोरगा गोड. "मॅम, टू बाय फोर घ्या. वन बाय टू आता कुणी घेत नाही." 'कुणी घेत नाही' हे वाक्य असं म्हणाला, जसं पूर्वी आत्या म्हणायची, 'त्या घरात कुणी मुलगी देत नाही.' दोन फूट बाय चार फुटांची फरशी त्यानं पुढे ओढली. पांढरीशुभ्र, करड्या शिरा. "हे स्टॅच्युरिओ." सासूबाई वाकून बघून म्हणाल्या, "हिला तडा गेलाय की रं!" पोरगा हसला. मग त्यानं दुसरी तिच्याशेजारी उलटी लावली, शिरेला शीर जुळली. याला म्हणे बुकमॅच म्हणतात. दोन्ही मिळून मधोमध दोन डोळे, पसरलेलं नाक आणि फाकलेला जबडा. "रोज सकाळी उठून ह्या म्हसोबाचं तोंड बघायचं?" सासूबाईंनी विचारलं. तेव्हापासून ज्यांच्या ज्यांच्या घरी बुकमॅच आहे तिथं मला म्हसोबाच दिसतो, आणि आमच्या गल्लीत आता तीन म्हसोबा झालेत.

खरा स्टॅच्युरिओ इटलीतल्या कराराच्या डोंगरातला. त्या करारातल्याच संगमरवरातून मायकेलअँजेलोनं डेव्हिड कोरला, १५०१ ते १५०४, तीन वर्षं घासून. आमचा येतो गुजरातेतल्या मोरबीहून, ट्रकनं. शिरा छापलेल्या, कागदावर शाईची मशीन छापते तशाच. एका पेटीत दोन नग, साडेपंधरा चौरस फूट. आणि त्या डेव्हिडच्या भावकीवर आम्ही उद्यापासून प्लास्टिकची बादली आपटणार.

अर्थात वेड काही आजचं नाही. आधी चार बाय चार इंचांच्या पांढऱ्या टाईल्स होत्या, त्याही भिंतीला कंबरेपर्यंत. मग गुलाबी बेसिन आणि पिस्ता रंगाचं भांडं आलं. मग लाईट-डार्क-हायलाइटर, त्यावर बॉर्डरची पट्टी. आणि मध्येच ती पोस्टर टाईल! आठवते का? भिंतभर निळा समुद्र आणि उड्या मारणारे डॉल्फिन. इथून हाकेवर उजनीचं पाणी, भिगवणला थंडीत रोहित पक्षी उतरतात, आठवड्याला आम्ही चिलापी खातो, आणि अंघोळीला मात्र डॉल्फिन. एकाही माणसानं भिंतीवर चिलापी लावला नाही. माझ्या माहेरी ते डॉल्फिन अजून आहेत. परवा भावानं ते फोडायचं काढलं तर वडील म्हणाले, "माझ्यामागं फोडा."

असो. तर फरशीनंतर नळ. आता नळ म्हणायचं नाही, तो गुन्हा. बिब कॉक, पिलर कॉक, अँगल कॉक, हेल्थ फॉसेट. आणि या सगळ्यांचा राजा डायव्हर्टर. भिंतीत सगळं गडप, बाहेर फक्त एक चकती आणि एक दांडी. डावीकडे फिरवली की गरम, उजवीकडे गार, मधलं बटण ओढलं की पाणी वर, दाबलं की खाली. त्या वास्तुशांतीला यजमानीणबाईंच्या सासऱ्यांनी हात धुवायला दांडी उचलली. बटण कुठल्या अवस्थेत होतं कुणास ठाऊक. फेटा, उपरणं, नवं धोतर, सगळ्यावर अभिषेक. बाहेर गुरुजींचं पुण्याहवाचन चाललेलं. म्हातारबाबांनी एवढंच विचारलं, "हे पूजेतलंच हाय का?"

आणि तो रेन शॉवर! छताला थाळीएवढा. शोरूममध्ये पंप लावून दाखवतात, शनिवारवाड्यातलं हजारी कारंजंच उलटं टांगलंय असं वाटतं. घरी आणलं की कळतं, पाण्याला दाब लागतो. दहा मीटर उंचीवरून पाणी उतरलं तर एक बार दाब मिळतो, आणि या थाळीला साधारण तेवढा तरी हवा. आमची टाकी स्लॅबवर, शॉवर स्लॅबच्या पोटाला. मधलं अंतर पाच-सात फूट. मग पाऊस पडत नाही, पागोळ्या गळतात. एकीनं प्रेशर पंप बसवला, तर वरच्या सोलरची काचनळ्यांची टाकी असला दाब सोसत नाही म्हणे. म्हणजे गारेला जोर आणि गरमेला धाप. ती आता पहाटे शॉवरखाली उभी राहून आळीपाळीनं किंचाळते, हे मला भिंतीपलीकडून ऐकू येतं. मुद्दाम ऐकत नाही, बरं का.

वर आपलं बोअरचं पाणी. त्याच्यातला चुना-मॅग्नेशियम विसरून कसं चालेल? इथं चहाच्या भांड्याला तळाशी खडू धरतो, तर शॉवरची बारीक छिद्रं काय टिकणार! आधी कडेची बुजतात, मग मधली, शेवटी पाच-सहा धारा उरतात त्याही तिरक्या. आणि काचेचं पार्टिशन! दहा मिलीमीटर जाडीची टफन काच, पहिल्या दिवशी दिसतच नाही म्हणून कपाळ आपटतं, आठव्या दिवशी पांढऱ्या डागांनी पलीकडचं दिसत नाही. आमच्या एका मैत्रिणीच्या घरी नियम आहे, अंघोळ झाली की ज्यानं-त्यानं काच वायपरनं ओढायची आणि मग पंचा नेसायचा. तिचे यजमान सरकारी नोकरीत, हाताखाली माणसं आहेत. कुणाच्या नशिबी काय लिहिलेलं असतं!

अ‍ॅसिड टाकलं की डाग जातात, पण नळाचं क्रोमही जातं आणि सांध्यातलं सिमेंटही. मग लिंबू. डाळिंब-द्राक्षांच्या तालुक्यात लिंबाची एवढी नासाडी मी आधी पाहिली नव्हती.

मिस्त्री लोकांचं वेगळंच दुःख. आमचा मिस्त्री जुना. त्याची पद्धत म्हणजे टाईल रात्रभर पिंपात भिजत घालायची. भिंतीची साधी सिरॅमिक वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिते, म्हणून ते बरोबरच होतं. ही नवी व्हिट्रिफाइड अर्धा टक्कासुद्धा पीत नाही. सिमेंटच्या मालावर ती चिकटल्यासारखी दाखवते आणि नाणं वाजवलं की आत पोकळ. तिला केमिकलच लागतं. आणि जमिनीला टू बाय फोर मागितली की तो कपाळाला हात लावतो. "ताई, पाण्याला ढाळ कुठनं देऊ? एवढी मोठी फरशी वाकतीय होय?" ढाळासाठी फरशी तिरकी कापावी लागते, नाहीतर कोपऱ्यात तळं. एकीनं ऐकलं नाही. तिच्या तळ्याला आम्ही 'बॅकवॉटर' म्हणतो, तिच्यामागे.

कमोडचं काय बोलायचं? बोलतेच. भिंतीला टांगलेलं, खाली पाय नाही. आत लोखंडी फ्रेम असते, चारशे किलोपर्यंत वजन घेते असं पत्रकात लिहिलंय. आमच्या सासऱ्यांनी पत्रक चष्मा लावून वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "मी मळ्यात जाईन." जपानात तर पाणी मारणारं, बसायची जागा गरम करणारं वॉशलेट १९८० सालीच आलं. त्याच साली आमचं उजनी धरण पुरं झालं, आणि त्याच्यापायी काठची माणसं घाट-देवळं पाण्यात सोडून वर आली. तिथं बूड शेकत होतं, इथं बूडच हललं होतं. आता एका डाळिंबवाल्या पाहुण्यांकडे ते जपानी तऱ्हेचं भांडं आलंय. लाईट गेली की ते झाकण उघडत नाही, असं त्यांची सून सांगते. सुनेचंच म्हणणं आहे, तेव्हा थोडं कमी करून घ्या.

त्याच पाहुण्यांकडे बाथटब आहे. मोकळ्या जागेत मधोमध ठेवलेला, पांढरा, काठ बाहेर वळवलेला. सासूबाई बघून आल्या आणि जाहीर केलं, "गोठ्यातला हौद आत आणलाय." सगळे हसले. मला मात्र हसू येईना, कारण म्हातारी बरोबर होती. कोहलर नावाची अमेरिकेतली मोठी कंपनी, आज तिच्या नळाला हात लावायचा तर अडसाली ऊस लागतो. ती मुळात शेतीची अवजारं करायची. १८८३ साली मालकानं जनावरांच्या पाण्याचं लोखंडी टाकं घेतलं, त्याला मुलामा दिला, चार पाय जोडले आणि बाथटब म्हणून विकलं. कंपनीचीच आख्यायिका अशी की, पहिल्या शेतकऱ्यानं त्याबदल्यात एक गाय आणि चौदा कोंबड्या दिल्या. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "गाय दिली? मग फसला."

पण सगळ्यात कहर झाला तो आषाढात. तुकोबारायांची पालखी इंदापूरला येते, गोल रिंगण होतं, घरोघर दिंड्या उतरतात. वास्तुशांतीवाल्या यजमानीणबाईंच्या ओसरीवरही चाळीसेक वारकरी. त्यातल्या एका आजींना बाईंनी मोठ्या मनानं नव्या बाथरूमकडे पाठवलं. आजी दारात थबकल्या. पांढरा संगमरवर, कोनाड्यात मंद पिवळा दिवा, कोनाड्याखाली चकचकीत पितळी काहीतरी. आजींनी तुळशीमाळेला हात लावला, उंबऱ्यावर डोकं टेकवलं आणि कुठला देव आहे ते शोधत उभ्या राहिल्या. त्या कोनाड्याला निश म्हणायचं, आणि आत देव नव्हता, शाम्पू होता. कळल्यावर आजी काही बोलल्या नाहीत, लुगडं सावरून अंगणात गेल्या आणि टँकरच्या पाइपाखाली 'विठ्ठल विठ्ठल' म्हणत खळाखळा अंघोळ केली. पाण्याला दाब उत्तम होता.

आमच्या जुन्या घराला न्हाणी होती. शहाबादी फरशी, कडप्प्याचा ओटा, तांब्याचा बंब, त्यात बुरकुंडं, कोपऱ्यात वज्री. पाणी गेलं की मोरीतून परसातल्या अळूला. कुणी पाहुण्याला न्हाणी दाखवली असती तर वेड्यात काढलं असतं. आता हे सगळे शब्द गेले. एकच उरलाय, तोही जमिनीत. खालच्या भोकाला देशभरची बांधकामाची पुस्तकं आणि प्लंबर अजून 'नहाणी ट्रॅप'च म्हणतात. वर इटली असो नाहीतर जपान, पाणी शेवटी आपल्या न्हाणीतूनच जातं. हे मी कालच एका बाईला मोठ्या तोऱ्यात ऐकवलं, चहा पिता पिता, तिच्या बाथरूमच्या दारात.

तेवढ्यात मोबाइल वाजला. आमचा मिस्त्री. "ताई, नहाणी ट्रॅपवर साधी जाळी टाकू का रोज गोल्ड? नाहीतर ती नवी आलीय बघा, वरनं टाईलच बसते, भोक दिसतच नाही."

मी समोरच्या बाईकडे पाठ केली आणि हळूच म्हटलं, "तिन्हींचे फोटो टाका."