उरलीसुरली ऊब

अकोल्याच्या माणसाला उबेसाठी पैसे मोजावे लागावेत, यासारखी नामुष्की नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो आणि ती सगळी ऊब घरपोच, फुकट मिळते. त्याच अकोल्याचा मी, जानेवारीतल्या मिनिआपोलिसमध्ये, उणे २२ अंशांत, वीस वर्षं जुन्या डिझेल गाडीच्या हीटरपुढे बोटं धरून बसलो होतो. त्यातून येणाऱ्या वाऱ्याला गरम म्हणणं म्हणजे शेवटच्या पंगतीला वाढलेल्या पाण्याला आमटी म्हणणं. शेजारी बायको. अंगात दोन कोट, कानटोपी, मांडीवर सोलापुरी चादर.

"इंजिन सुरू आहे ना?" तिनं विचारलं.

आम्ही हायवेवर होतो. ताशी ७० मैलांनी.

ही गाडी मी मायलेजच्या मोहानं घेतली, आणि मेख तिथंच आहे. गाडीतली ऊब म्हणजे इंजिनाच्या ताटातलं उरलंसुरलं. पेट्रोल इंजिन उधळं. बरंचसं इंधन ते नुसत्या उष्णतेत घालवतं आणि त्या उधळपट्टीवर आपले पाय शेकतात. डिझेल पडलं काटकसरी. ते ताटात फारसं टाकतच नाही, मग पाहुण्याला काय उरणार? सिग्नलला उभं असताना तर ते थेंब थेंब मोजून जाळतं आणि वर छातीभर थंड हवा ओढत बसतं. शेवटी मी या इंजिनाच्या जनकाची कुंडली काढली. वाफेच्या इंजिनात किती उष्णता वाया जाते हे कॉलेजात ऐकून रुडॉल्फ डिझेल अस्वस्थ झाला आणि १८९३ साली त्यानं आपल्या काटकसरी इंजिनाचं पेटंट मिळवलं. त्याआधी हा गृहस्थ काय करत होता? पॅरिसमध्ये बर्फाच्या कारखान्यात नोकरी.

तरीही काटकसर वेगळी आणि कंजुषी वेगळी. गाडीला काहीतरी झालं होतं नक्की.

आधी कूलंट पाहिलं. पुरेसं होतं. मग संशय थर्मोस्टॅटवर. ही मेणाच्या जोरावर चालणारी झडप. इंजिन साधारण ८७ अंशांपर्यंत तापल्याशिवाय तिनं पाणी रेडिएटरकडे सोडायचं नसतं. ती उघडीच अडकली, तर इंजिन हिवाळाभर कुडकुडत राहतं. ती बदलली. काटा ऐटीत ९० वर जाऊन बसला, वारा मात्र पूर्वीसारखाच. म्हणजे चूल पेटली होती, भाकरी तेवढी कच्ची.

रात्री आठला बाबांना फोन लावला. अकोल्यात सकाळचे साडेसात. बाबा स्क्रीनवर मफलर गुंडाळून. "इकडे लय थंडी आहे बाप्पा. बारा अंश." मी उणे बावीस सांगून त्यांचा विरस केला नाही. गाडीची कहाणी सांगितली. डॅशबोर्डमागे एक छोटा रेडिएटर असतो, त्यात गरम पाणी एका नळीनं जातं, दुसरीनं परत येतं, पंखा त्यावरून वारा मारतो.

"म्हणजे कूलरच की. उलटा." बाबा म्हणाले. "दोन्ही नळ्यांले हात लावून पाहिला?"

पाहिला नव्हता. खाली गेलो, इंजिन तापवलं. एक नळी चटका देणारी, दुसरी जेमतेम कोमट.

"पाणी जाते, पण फिरत नाही. क्षार बसला."

बाबांनी गाडी कधी चालवली नाही, पण चाळीस उन्हाळे कूलर चालवला आहे. दर मार्चला ते गच्चीवर बसून कूलरची नळी मांडीवर घेत आणि बुजलेलं एकेक छिद्र दाभणानं मोकळं करत. मी शेजारी बसून छिद्रं मोजायचो. हे शिक्षण चालू आहे, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

शनिवारी शेजाऱ्याचं उबदार गॅरेज मागून घेतलं. दोन्ही नळ्या सोडवल्या, कूलंट टबात धरलं आणि परतीच्या नळीतून उलटं पाणी सोडलं. आधी काहीच नाही. मग एक उचकी, आणि पाठोपाठ तपकिरी गाळ, उसळीच्या तळाला बसतो तसा. त्यावर कोमट पाण्यात कालवलेलं लिंबूफूल. ते ढोकळ्यासाठी आणलेलं होतं. बायकोनं डबा उघडून पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि न बोलता झाकण लावलं. स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतलं, निम्मं पाणी निम्मं कूलंट भरलं, हीटर पूर्ण उघडा ठेवून हवेचे बुडबुडे संपेपर्यंत थांबलो.

गाडी रस्त्यावर काढली. चौथ्या सिग्नलला आतून वारा आला, थेट मे महिन्यातला, एसटी स्टँडवर दुपारी दोनला लागतो तसा. बायकोनं चादरीची घडी करून मागच्या सीटवर टाकली. एवढं प्रशस्तिपत्र पुरे.

बाबांना कळवलं. ते खुशीत हसले, मग म्हणाले, "मार्चमध्ये ये. यंदा कूलरची छिद्रं मले दिसत नाहीत. तूच काढ."