चिखलातून सरळ जा

एटीव्हीची, म्हणजे फुगीर टायरांच्या, कुठेही जाणाऱ्या चारचाकी मोटरसायकलीची सीट चांगली लांब असते. मराठी माणसाने ती पाहिली की मनात पहिला हिशेब होतो तो किती जण बसतील याचा. लूनावर नवरा-बायको, पुढे पोर आणि हँडलला भाजीची पिशवी असा संसार वाहिलेली आपली पिढी. एवढी ऐसपैस सीट एकट्यासाठी आहे हे तिला पटत नाही. पण बहुतेक एटीव्हींवर ठळक सूचना असते, की मागे कुणाला बसवू नका. ती लांबी स्वाराला सरकता यावं म्हणून असते. चढाला पुढे व्हायचं, उताराला मागे, आणि रस्ता एका बाजूला कलला की आपण डोंगराच्या बाजूला झुकायचं. स्वार पाटावर बसल्यासारखा बसून राहिला तर गाडी उलटू शकते. कोलोरॅडोतल्या भाड्याच्या दुकानातल्या मुलाने आमच्या मेहुण्यांना हे सगळं फार सबुरीने समजावलं. मेहुण्यांनी मान डोलावली आणि विचारलं, “पण अगदी बारीक माणूस असेल तर?” भाचीने “बाबा, पुरे” म्हणत शेजारी-शेजारी बसायची, स्टिअरिंग आणि सीटबेल्टवाली गाडी घेतली. मागच्या सीटवर बारीक माणूस म्हणून मी.

या जातीची सुरुवात तीन चाकांनी झाली. हिवाळ्यात मोटरसायकली खपत नाहीत अशी अमेरिकेतल्या विक्रेत्यांची कुरकुर होती, म्हणून होंडाने १९७० मध्ये फुगीर टायरांची तीनचाकी आणली. पुढच्याच वर्षी सिनेमातला जेम्स बाँडही तिच्यावर बसला. तिला वळताना आडवं व्हायची खोड होती. अपघात इतके झाले की १९८८ साली कंपन्यांचा सरकारशी समझोता होऊन तिथे नव्या तीनचाकींची विक्री थांबली. रिक्षाच्या देशातल्या माणसाला हे जरा लागतं. पण रिक्षावाले कितीही शूर असले तरी बारा हजार फुटांवरच्या कड्याने मीटर टाकत नाहीत.

आम्ही गेलो तो सॅन वान पर्वतातला अल्पाइन लूप. सिल्वर्टन, यूरे आणि लेक सिटी या तीन गावांना जोडणारा सुमारे ६५ मैलांचा रस्ता, बराचसा कच्चा. त्यातली इंजिनिअर खिंड १२,८०० फुटांवर आहे. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी दोनेक हजार फूट कमीच पडतील. एवढ्या उंचीवर रस्ता काढायचं कुणाच्या डोक्यात आलं, तर चांदी शोधणाऱ्यांच्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खाणवाले या डोंगरांवर तुटून पडले, ऑटो मिअर्ससारख्या माणसाने खडकात टोलरस्ते काढले आणि टोलनाकेही बसवले. (टोलनाक्यांचं ऐकून मेहुण्यांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं.) १८९३ मध्ये चांदीचा भाव कोसळला आणि हळूहळू गावं ओस पडली. अ‍ॅनिमस फोर्क्सची लाकडी घरं ११,२०० फुटांवर अजून उभी आहेत. खाणींचं पाणी मात्र अजून ओस पडलेलं नाही. २०१५ च्या ऑगस्टमध्ये एका जुन्या खाणीतून तुंबलेलं पाणी फुटून अ‍ॅनिमस नदी नारिंगी झाली होती.

म्हणजे गंमत बघा. डोंगराची ज्यांनी जराही पर्वा केली नाही, त्यांनी रस्ते केले. आता डोंगराची पर्वा असलेल्या माणसाने त्याच रस्त्यांना निष्ठेने चिकटून राहायचं असतं. कुठेही जाऊ शकते म्हणून ही गाडी घ्यायची, आणि घेतल्यावर कुठे कुठे जायचं नाही ते पाठ करायचं. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी हुकूम काढला, की सरकारी जमिनींवर अशा गाड्या कुठे चालतील नि कुठे नाही ते ठरवा. आता वनखातं त्याचे नकाशे फुकट देतं. नकाशात वाट नसेल तर ती वाट नाही, मग समोर दिसत का असेना. आणि १९६४ च्या कायद्याने जिथे ‘वाइल्डरनेस’ जाहीर झालं आहे, तिथे मोटरच काय, सायकलही नेता येत नाही. रस्त्यावरून समोर अनकंपाग्रे शिखर दिसतं, ते अशाच हद्दीत. बघा, पण चाकं अलीकडे.

नियमांतला मला सर्वांत आवडलेला नियम डबक्याचा. लहानपणी आई ओरडायची, “चिखलात पाय घालू नकोस, कडेने ये!” इथे बरोबर उलटं. वाटेत डबकं आलं तर सभ्य माणसाने मधूनच जायचं. कडेने जातो तो असभ्य. कारण पहिला जण हातभर बाजूने जातो, त्याच्या चाकांनी तिथेही चिखल होतो, दुसरा दोन हात बाजूने जातो, आणि दोन-चार वर्षांत वाटेची बाजारपेठ होते. सगळी वाटच भिजून मऊ झाली असेल तर मात्र मागे फिरायचं. वृक्षरेषेच्या वर तर हे फारच जपावं लागतं. तिथली रोपटी म्हणजे जमिनीला बिलगलेल्या उशा, बोटभर उंच. वाढायला वर्षातले जेमतेम दोन महिने मिळतात. त्यांच्यावर चाक एकदा गरगर फिरलं तर ती जखम भरायला कित्येक दशकं लागतात. टायर मऊ आणि कमी हवेचे असतात, नुसते गेले तर भार पसरतो. नासधूस होते ती चाकं जागच्या जागी फिरवून माती उडवणाऱ्यांमुळे, आणि व्हिडिओत नेमके तेच झळकतात.

भाचीने पहिलंच डबकं मधोमध कापलं आणि मागच्या सीटवर माझा अभिषेक झाला. “मामा, तुम्ही जबाबदार पर्यटक झालात,” ती म्हणाली.

वाटेवरची रीतही गोड आहे. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. समोरून येणारा बोटं दाखवतो, ती माझ्यामागे अजून किती गाड्या आहेत त्याची. शेवटचा मूठ दाखवतो. मेहुण्यांना हे फार भावलं. मागे कुणी नसतानाही ते उत्साहाने तीन बोटं दाखवत राहिले. त्यांच्या लेखी ती शुभेच्छा होती. समोरचे बिचारे बराच वेळ कडेला थांबून राहत.

घोडा आला तर इंजिन बंद, हेल्मेट काढायचं आणि बोलायचं, म्हणजे हे चमकतं डोकं माणसाचंच आहे हे घोड्याला कळतं. आम्हाला एक बाई घोड्यावरून येताना भेटल्या. सगळे थांबलो. काय बोलावं ते इंग्रजीत कुणालाच सुचेना. तेव्हा मेहुणे घोड्याला म्हणाले, “या, या. उन्हाचे निघालात?” घोडा शांतपणे गेला.

ऊन मात्र दुपारपर्यंतचंच. जुलै-ऑगस्टमध्ये तिथेही मान्सून असतो, आणि तेही त्याला मान्सूनच म्हणतात. पण तो आपल्यासारखा मुक्कामाला येत नाही, दुपारी येतो, विजा पाडतो आणि जातो. खिंडीत आजूबाजूला तुमच्याहून उंच झाडही नसतं, म्हणून शहाणे लोक बाराच्या आत खाली येतात. आम्ही पोहे करून निघाल्यामुळे आमचे बारा तिथेच वाजले. ढग बघून मग जी उतरण धरली, तिच्यात गप्पा झाल्या नाहीत.

सिल्वर्टनमध्ये या गाड्या गावात येऊ द्याव्यात का, यावर मोठं रण माजलं होतं. दुकानदारांना गिऱ्हाईक हवं, रहिवाशांना झोप. २०२१ मध्ये मतदान झालं आणि गावातल्या रस्त्यांवर बंदीला कौल मिळाला. डोंगरात चालवा, आमच्या ओसरीवर नको. मेहुण्यांना हा निकाल अगदी दुटप्पी वाटला. मी तिथला मतदार असतो तर बंदीलाच मत दिलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पोहे न करता, गाडी भाड्याने घेऊन इंजिनिअर खिंडीकडे निघालो असतो.