वाघोलीचा निळा

माझ्या स्वतःच्या गाडीचा रंग मी निवडलेला नाही. डीलर म्हणाला, सिल्व्हर उद्या मिळेल, बाकीच्यांना वेटिंग आहे. मी सिल्व्हर घेतली. तरीही आलिशान मोटारींच्या रंगांबद्दल अधिकारवाणीने बोलणारा माणूस अशी माझी सासरवाडीत ख्याती आहे. तिचं मूळ एवढंच, की शाळेत असताना मी चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली होती. बी ग्रेड. माहेरी सांगताना बायकोने ग्रेड गाळली आणि ‘जे. जे.ला जाणार होते’ एवढं पदरचं जोडलं.

सासरवाडी वाघोलीची. नगर रस्त्याकडेच्या जमिनींना भाव आला, तसा मेव्हण्याच्या पत्रिकेत जर्मन गाडीचा योग आला. फोन करून म्हणाला, “दाजी, इंजिनाचं मी बघतो, लोनचं बँक बघंल. रंगाचं तुमच्याकडं.”

शोरूममध्ये आम्ही वरातीएवढे गेलो. कोट घातलेल्या पोरसवदा सेल्समनने आम्हाला कॉफी दिली आणि मोठ्या पडद्यावर गाडी गोल गोल फिरवायला सुरुवात केली. तो बोट लावी तसा रंग बदले. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दोन फेऱ्यांतच निकाल दिला. “पांढरी घ्या. बैलसुद्धा आपण पांढरेच घेतले.” वहिनींना लाल हवी होती, पण ‘लाल लवकर विटते’ असं त्यांच्या बहिणीने फोनवर सांगितलं होतं. भाच्याला मिलिटरीसारखी ऑलिव्ह ग्रीन हवी होती. इथे मला पहिली संधी मिळाली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, यातल्या १२१व्या नियमानुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांनाच लावता येतो, हे मी त्याला ऐकवलं. भाचा हिरमुसला आणि सेल्समन माझ्याकडे आदराने बघू लागला. त्या आदराने पुढचा सगळा घोटाळा केला.

कारण मग मी थांबेना. फोर्डची मॉडेल टी आली १९०८ साली, तेव्हा ती लाल, हिरवी, करडी मिळायची. १९१४ ते १९२५ मात्र फक्त काळी, कारण एकच रंग ठेवला की कारखान्यात काम भराभर उरकतं, असं मी सांगितलं. आबा म्हणाले, “शहाणा माणूस होता.” मी म्हटलं, उलट आता बघा, रोल्स-रॉइस म्हणते आमच्याकडे ४४,००० छटा तयार आहेत. आबा म्हणाले, “मग त्यांचं गिऱ्हाईक कधी घरी जातं?”

आमच्या गाडीला छटा मोजक्याच होत्या, पण एकीचंही नाव सरळ नव्हतं. काळ्याला ऑब्सिडियन म्हणायचं, म्हणजे ज्वालामुखीची काच. करड्याला सेलेनाइट. सेलेनाइट म्हणजे जिप्समचाच एक स्फटिक, असं मी म्हणालो मात्र, मेव्हण्याने कान टवकारले. “जिप्सम? म्हणजे पीओपीवालं? दाजी, आपल्या साइटवर गोण्याच्या गोण्या पडल्यात त्याच्या.” सेलेनाइट बाद झाला.

आणि मग यादीत दिसला कॅव्हन्साइट ब्लू.

माझ्या अंगावर काटा आला. कॅव्हन्साइट हे खनिज. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांची आद्याक्षरं जुळवून केलेलं नाव. त्याची ओळख पटली १९६०च्या दशकात, अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये. पण जगभरच्या संग्राहकांनी ज्याच्यासाठी पैसे मोजले तो गर्द निळा, सुयांच्या गुच्छांचा कॅव्हन्साइट निघाला वाघोलीच्या दगडखाणींतून! काळ्या बेसाल्टच्या पोकळीत स्टिल्बाइटचे सायीच्या रंगाचे स्फटिक आणि त्यावर हे निळे गुच्छ. मी उभा राहून म्हणालो, “अरे, तुमच्या गावचा दगड जर्मनीत जाऊन रंग झाला, आणि तो रंग चाकणला जुळणी झालेल्या गाडीवर बसून परत आलाय!” मेव्हण्याने लहानपण त्या खाणींच्या डबक्यांत पोहण्यात घालवलेलं. त्याने विचारलं, “तो निळा दगड? आम्ही कुत्र्यांना मारायचो तो?”

सेल्समनने कॅव्हन्साइटचा नमुना हातात ठेवला. तळहाताएवढा पत्रा, बॉनेटचा उतार कळावा म्हणून पाठ जराशी फुगवलेला. दिव्याखाली तो निळा वाटेना. दिव्याच्या उजेडात रंगाची पारख करू नये, हे माझं इंटरमिजिएटपासूनचं मत, म्हणून पत्रा घेऊन मी पार्किंगमध्ये गेलो. सावलीत तो जवळजवळ काळा. उन्हात तिरपा धरला की रंगातल्या ॲल्युमिनियमच्या चकत्या पेटायच्या आणि निळा उसळून वर यायचा. सरळ केला की पुन्हा बुडायचा. मी गुडघ्यात वाकून, एक डोळा मिटून, पत्रा पुढेमागे करत असताना वॉचमन जवळ आला. “साहेब, पांढरी घ्या. धूळ दिसत नाही.”

खरं सांगायचं तर पांढऱ्याची हीच खुबी आहे. पांढरी गाडी घेणाऱ्याला कुणी ‘का?’ असं विचारत नाही. निळी घेणाऱ्याला गाडी विकेपर्यंत उत्तर देत बसावं लागतं, आणि विकताना तर दलालालाही. पण त्या दिवशी वाघोलीचा अभिमान जिंकला. आबा मोबाईलमध्ये तोंड घालून बसले.

आतला मामला अधिक नाजूक निघाला. सेल्समनने चामड्याचे तुकडे मांडले. खरं, कृत्रिम, भोकांचं, बिनभोकांचं. डॅशबोर्डसाठी लाकडाच्या पट्ट्या, आणि ‘पियानो ब्लॅक’ नावाचं चकचकीत प्लास्टिक. मेव्हण्याने त्यावर हात ठेवून उचलला, तर पाचही बोटांचे ठसे, तलाठी कार्यालयात शोभतील इतके स्वच्छ. सेल्समनने न बोलता खिशातून फडकं काढून ते पुसले. त्या अर्थी ते रोजचंच असावं. पियानो बाद.

सीटला काळा घ्यावा असं वहिनींचं म्हणणं. पोरं, चिखल, रस्सा, देवाची तेलकट बोटं. मी म्हटलं, “वहिनी, पुण्याच्या मे महिन्यात काळ्या सीटवर बसून बघा. आणि निसर्गाने स्वतः कॅव्हन्साइटखाली काय अंथरलंय? सायीचा रंग! बाहेर निळा, आत बेज. ही संगती वाघोलीच्या खडकाने ठरवलेली आहे.” बेजचा तुकडा हातात घेऊन वहिनी म्हणाल्या, “हा तर माझ्या चहाचा रंग.” तरी त्यांनी मान डोलावली. जे. जे.ला जाणाऱ्या माणसापुढे काय बोलणार?

गाडी आली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक झालं, चाकांखाली लिंबं चिरडली आणि रिवाजाप्रमाणे पहिली फेरी जेजुरीला निघाली. बेजची सगळ्यांनी धास्ती घेतली होती ती भंडाऱ्याची. वहिनींचा हुकूम सुटला, ज्याच्या अंगावर पिवळा कण दिसेल त्याने मागच्या बोलेरोतून यायचं. माझे गुडघे गड चढण्याच्या लायकीचे नाहीत, त्यामुळे मी खालीच राहणार होतो. म्हणजे अख्ख्या कुटुंबात निष्कलंक असा मीच. सर्वानुमते मला मागच्या सीटवर बसवून गाडीची राखण सोपवण्यात आली.

मी इमानाने राखली. खिडकीशी भंडाऱ्याचा हात घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी परतवलं. एसी लावला तर डिझेल जळेल म्हणून लावला नाही. उकाड्यात दुपारभर घामाने निथळत, या प्रसंगासाठी मुद्दाम घेतलेल्या कोऱ्या, गडद निळ्या जीन्समध्ये, मी जागचा हललो नाही.

मंडळी गडावरून उतरली. मी दार उघडून ऐटीत बाहेर आलो. वहिनींनी आत पाहिलं आणि ‘अगं बाई’ एवढंच म्हणाल्या. सायीच्या रंगाच्या चामड्यावर, ठसठशीत, शेजारी शेजारी, दोन निळे गोल उमटले होते.

मेव्हणा बराच वेळ वाकून बघत राहिला. मग गंभीरपणे म्हणाला, “दाजी, तुम्ही म्हणत होता ते कॅव्हन्साइट ते हेच का?”

डिटेलिंगवाल्याने दोन प्रकारची रसायनं लावून डाग फिका केला. गेला नाही. बोलेरोतल्या भंडारा माखलेल्या मंडळींच्या सीट मात्र ओल्या फडक्याने लख्ख झाल्या.

आता मेव्हणा आणखी एक गाडी घेतोय. बाहेरून पांढरी, आतून काळी. आबांनी घरबसल्या ठरवली. रंगाबद्दल मला कुणी विचारलं नाही. पूजेचं आमंत्रण आलंय, आग्रहाचं, आणि वहिनींनी बायकोकडे निरोप दिलाय की दाजींना म्हणावं, धोतर नेसून या.