सेव्हनवाले अप्पा

"गाडी विकून चार वर्षं झाली, तरी हे दर रविवारी ड्रायव्हरच शोधताहेत." काकूंचं हे वाक्य आमच्या सोसायटीत वॉचमनलासुद्धा पाठ आहे.

अप्पा लग्नपत्रिका करतात. पेजमेकर, जुन्या मराठी फाँटांचं पॅकेज आणि त्याचं डोंगल, एवढ्या भांडवलावर त्यांनी शनिवार पेठेत बसून निम्म्या पुण्याची लग्नं लावली. फाँट युनिकोडच्या आधीचे. ते नसलेल्या मशिनवर फाइल उघडली की 'चि. सौ. कां.'च्या जागी डॉलर, टक्के आणि कंस उमटतात. म्हणून अप्पांना विंडोज ७च लागतं. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला बंद केला, असं मी एकदा सांगून पाहिलं. "त्यांनी केला असेल. मी नाही केला."

माझा २०१६ सालचा लॅपटॉप पडून होता, तो त्यांना देऊ केला. ही माझी चूक. अप्पा कापडी पिशवी घेऊन आले. आत सहा पेनड्राइव्ह. ज्यावरून बूट करायचं, त्याला हळदीचं बोट लावलेलं, चटकन ओळखू यावा म्हणून.

भाषा निवडली, 'इन्स्टॉल' दाबलं, आणि पडद्यावर तक्रार आली: सीडी-डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर सापडत नाही. लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नव्हताच. मी हसलो. अप्पा हसले नाहीत. विंडोज ७ आलं २००९ मध्ये, त्याच्या शिदोरीत यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही. बायोसने बोट सोडलं की ज्या पेनड्राइव्हवरून ते चाललंय, तोच त्याला दिसेनासा होतो. "आईच्या कडेवर बसून आई कुठंय म्हणून रडतंय," अप्पा म्हणाले आणि घरी जाऊन, पेनड्राइव्हमधल्या फायलींच्या पोटात तो ड्रायव्हर घालून, तासाभरात परत आले.

सेव्हन चढलं. आवाज नाही, वायफाय नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या उद्गारचिन्हांची रांग. नेट हवं तर वायफायचा ड्रायव्हर हवा, ड्रायव्हर हवा तर नेट हवं. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत. फुकटची ड्रायव्हर शोधून देणारी सॉफ्टवेअरं अप्पा उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. "नवरीबरोबर तीन पाठराखिणी येतात आणि परत जात नाहीत."

त्यांची पद्धत पत्रिका जुळवण्याची. चिन्हावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी. 'व्हेन'च्या पुढे असतं ते गोत्र: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. 'डेव्ह'च्या पुढे मुलाचं नाव. गोत्रं अप्पांना तोंडपाठ. नाव मात्र ते चष्मा कपाळावर चढवून, पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने उतरवून घेतात आणि माझ्या मोबाइलवर स्थळ शोधतात. एकेक चिन्ह मावळत गेलं. स्पीकर बोलला तेव्हा काकूंना फोन लावून ऐकवला.

एक उरलं. 'अननोन डिव्हाइस'. गोत्रसुद्धा अनोळखी. त्यावर तीन रविवार गेले, आमच्याकडचे सोळा चहा गेले. पत्रिका तर पहिल्याच दिवसापासून नीट उघडत होत्या, हे मी बोललो नाही. चौथ्या रविवारी छडा लागला. लॅपटॉप हातातून पडलाच तर हार्ड डिस्कचा काटा वेळेत बाजूला घेणारा सेन्सर होता तो. हार्ड डिस्क अप्पांनी स्वतःच पहिल्या रविवारी काढून एसएसडी बसवली होती. तिला काटाच नसतो.

तरी ड्रायव्हर टाकला. शेवटचं पिवळं चिन्ह गेलं. अप्पा बराच वेळ त्या स्वच्छ यादीकडे बघत बसले, मुलगी सासरी गेल्यावर मांडवात बसतात तसे. मग पेनड्राइव्ह मोजून पिशवीत टाकले.

तुमच्या माळ्यावर जुना लॅपटॉप असेल तर तूर्त तिथेच राहू द्या. अप्पा रविवारी मोकळे आहेत.