आप्पाजीपंतांच्या तीन बायका आणि एक तात्या

प्रत्येक घराण्यात एक तात्या असतातच. नोकरीत होते तोवर त्यांना चुलतभावाच्या मुलांची नावंसुद्धा धड आठवत नसत. बँकेतून निवृत्त झाले, सहज म्हणून घरचा कुलवृत्तांत चाळायला घेतला आणि तेव्हापासून जिवंत नातेवाइकांशी त्यांचा संबंध केवळ माहितीपुरता उरला. बारशाला गेले तर बाळाकडे न बघता जन्मवेळ टिपून घेतात. दहाव्याला गेले तर मुलाला बाजूला घेऊन हळूच विचारतात, "तुझ्या पणजीचं माहेरचं आडनाव काय रे? वडिलांना विचारायचं राहूनच गेलं."

खांद्याला शबनम, तिच्यात भिंग, जुनं पंचांग आणि पेन्सिली. दफ्तरखान्यात शाईचं पेन चालत नाही, म्हणून पेन्सिल. आता ती सवय इतकी अंगात मुरली आहे की वाण्याची यादीही ते पेन्सिलीनंच करतात आणि वर मिती घालतात.

मोडी ते साठीनंतर शिकले. आधी आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं लटकवत सुटायचं. शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही. ते जमलं, पण खरा घोळ सनांचा. जेवायला बसलं की तात्या "खमस मयातैन व अलफ" असं पुटपुटायचे. घरात नवीन आलेल्या सुनेला वाटलं, चित्राहुती घालतानाचा मंत्र असावा. तो सुहूर सन. पाच, दोनशे आणि हजार, म्हणजे १२०५. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १८०४-०५. वर्ष मृगाला बदलतं, म्हणून महिना बघून मिळवायचे.

त्या साली आप्पाजीपंतांचं लग्न झालं. आप्पाजीपंत म्हणजे तात्यांच्या खापरपणजोबांचे वडील. छापील कुलवृत्तांतात त्यांच्या वाट्याला दीड ओळ आली आहे: सत्त्वशील, इनामदार, पत्नी लक्ष्मीबाई, पुत्र एक. कुलवृत्तांतातले सगळेच पूर्वज सत्त्वशील असतात म्हणा. देणेकऱ्यांना चुकवून रातोरात घाट चढलेला एकही मनुष्य त्यात सापडायचा नाही. तात्यांनाही संशय नव्हता. त्यांना लक्ष्मीबाईंचं माहेर तेवढं हवं होतं, आणि घरच्या पेटीतल्या लग्नखर्चाच्या यादीत ते मिळालंही.

मग तात्या त्र्यंबकेश्वरला गेले. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात. गाव, आडनाव सांगितलं की गुरुजी बासन सोडतात आणि तुमचे पूर्वज कधी आले, बरोबर कोण होतं, ते वाचून दाखवतात. आप्पाजीपंत १८२५ च्या सुमारास नारायण-नागबळीला आले होते, संतानासाठी. सोबत पत्नी लक्ष्मीबाई. माहेर मात्र भलतंच! तात्यांनी भिंग पुसून पुन्हा पाहिलं. भलतंच. लग्नात मुलीचं नाव बदलायची आपल्याकडे रीत. पहिली लक्ष्मी गेल्यावर घरात आलेल्या दुसरीचंही नाव लक्ष्मीच ठेवलेलं.

तिसरी सापडली पुण्याच्या पुरालेखागारात. १८५२ च्या अकराव्या कायद्यानं इनाम कमिशन बसलं आणि इनामदारांना विचारणं झालं की जमीन तुमची कशावरून? सनद दाखवा, वंशावळ द्या. जमीन जाईल या धाकानं लोकांनी पानंच्या पानं कैफियती लिहून दिल्या. वंशावळ शोधणाऱ्याला पूर्वजांच्या पुण्याईपेक्षा त्यांच्या अडचणी जास्त उपयोगी पडतात, हे माझं मत तेव्हापासूनचं आहे. त्या रुमालात एक कैफियत निघाली: लक्ष्मीबाई कोम आप्पाजी, वय २६, यजमान कैलासवासी झाले, पोटी संतान नाही, सबब भाऊबंदांतला मुलगा दत्तक घेतला. तात्यांनी बोटं मोजली. नागबळी झाला तेव्हा ही बाई जन्मलीच नव्हती.

ही बातमी त्यांनी फोडली पुतण्याच्या मुंजीत, ऐन पंगतीत. "तिसरी सापडली!" समोर मुलगी बघायला आलेली मंडळी बसली होती. जिलबी वाढणारा जागीच थांबला. एक काका दबक्या आवाजात म्हणाले, "तात्या, मुंज पोराची आहे, आप्पाजीपंतांची नाही." तात्यांनी बचावाला थेट नाना फडणविसांना उभं केलं. नानांची लग्नं नऊ. १८०० साली ते गेले तेव्हा मागे राहिलेली जिऊबाई पोरसवदा होती. "त्या मानानं आपण तिनातच आटोपलं," असं म्हणून त्यांनी मठ्ठा मागितला.

मंडळींना बायकांचं फारसं काही वाटलं नाही. खरा भडका उडाला दत्तकावरून. मुलगा ज्या भाऊबंदांकडून आणला, त्यांच्याशीच आमच्या घरचा बांधावरून तीन पिढ्या दावा चालू आहे. म्हणजे आप्पाजीपंतांचं रक्त आमच्यात टिपूसभर नाही, आणि ज्यांच्या दारचं पाणीही आम्ही पीत नाही तेच आमचे रक्ताचे! त्या संध्याकाळी दोन्ही घरची वडीलधारी माणसं कित्येक वर्षांनी एका खोलीत बसली आणि तात्यांची वही काढून घ्यावी यावर त्यांचं एकमत झालं. दावा मात्र मिटला नाही. दत्तक गेलेल्याचा जन्मघरच्या मिळकतीवर हक्क राहत नाही, असं दोन्हीकडच्या वकिलांनी तत्परतेनं सांगितलं.

घरी परतल्यावर तात्या काकूंना सगळं सांगत बसले. काकू भाजी निवडत होत्या. "आधीच्या दोघी ना? मला माहीत होतं." त्यांनी देव्हाऱ्यातले दोन टाक आणून तात्यांच्या तळहातावर ठेवले. चांदीचे, जुन्या चार आण्याएवढे. चिंच लावून घासून घासून वरच्या बाईचा नुसता उंचवटा उरलेला, नाकडोळे पार गेलेले, पण डोक्यावरची ओवायची कडी शाबूत. घरातले सगळे त्यांना कुलस्वामिनी समजून फुलं वाहत. "देवीला कडी कशाला लागते? हे सवतीचे टाक. नंतरचीनं गळ्यात घालायचे. आणि अविधवा नवमीला सासूबाई दोन सवाष्णी सांगायच्या, एक थोरलीची, एक मधलीची. थोरली-मधली म्हटल्यावर धाकटी असणारच की."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही घरात होतात कुठे? पुण्याला गेला होतात."

तात्यांनी वहीत पेन्सिलीनं नोंद केली: तोंडी पुरावा, पडताळणे.

२०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. तात्यांच्या दारातही लोक जुने उतारे घेऊन यायला लागले. तात्या पैसे घेत नाहीत. मात्र दाखल्यापुरती ओळ हवी असलेल्या माणसाला ते संबंध कागद वाचून दाखवतात, शेतातल्या भांडणासकट, आणि शेवटी विचारतात, "तुमच्या पणजोबांची लग्नं किती?" लोक एका कामासाठी येतात आणि दुसरंच काही कळून घरी जातात.

कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती निघते आहे. समितीनं बऱ्याच वादावादीनंतर तिन्ही लक्ष्मीबाईंना जागा दिली, ती तळटीपेत. तात्यांनी अट घातली की माहेरची आडनावं छापलीच पाहिजेत, आणि ती मान्य झाली.

तुमच्याही माळ्यावर रुमालात बांधलेले कागद असतील, तर रद्दीवाल्याला देऊ नका. तुमच्या घराण्यातल्या तात्यांना बोलवा. फक्त घरात मुंज-लग्न असेल तर ते आधी उरकून घ्या.