सातबाऱ्यावर न सापडलेलं जंगल

(नांदेड. एप्रिल २०२५चा शेवटचा आठवडा. कंपाउंडच्या भिंतीच्या अलीकडे गल्लीच्या वैनी, पलीकडे काकू. काकू कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या, काका महसूल खात्यातून. काका ओसरीवर पेपर उघडून बसलेत, पण कान भिंतीकडे.)

काकू : काय गं, लेक आली म्हणे हैदराबादहून? पहाटेच रिक्षा वाजली दारात.

वैनी : आली की काकू. रेल्वेनं आली. झोपलीय अजून. उठवायला गेले तर म्हणते, महिनाभराची झोप बाकी आहे.

काकू : असणारच. महिनाभर पेपरात तेच, टीव्हीवर तेच. हैदराबाद विद्यापीठाजवळच्या त्या चारशे एकरांतली झाडतोड. मी ह्यांना म्हटलं, आपल्या शेजारची पोर तिथंच शिकायलीय. नीट आहे ना?

वैनी : नीट आहे. तिला धरलंबिरलं नव्हतं. पण पाडव्याच्या दिवशी माझा जीव नुसता टांगणीला हो. इकडं मी गुढी उभारायलेय, तिकडं त्यांची उगादी, आणि पोरीचा फोन. ‘आई, जेसीबी आलेत, पोलीस आलेत, नंतर बोलते.’ अन् ठेवला की!

काका : सणाच्या दिवशी सरकारी काम? आमच्या नोकरीत सणाला शिपाईसुद्धा सापडायचा नाही.

काकू : तिथंच तर गोम आहे. ३० मार्चला उगादी, ३१ला रमजान ईद. कोर्ट बंद, कचेऱ्या बंद, यंत्रं तेवढी चालू. १६ एप्रिलला सुप्रीम कोर्टानंही हेच विचारलं की, सुट्ट्या गाठून एवढी घाई कशापायी?

वैनी : पोरं अडवायला गेली तर पन्नासच्या वर पोरांना गाडीत घातलं. दोघांना तर कोठडी झाली. मग मी रोज फोन करायचे, ‘तू पुढं होऊ नको बाई.’ ती म्हणायची, ‘आई, सगळ्यांच्या आया हेच सांगायल्यात.’

काका : मग बरोबरच सांगायल्या होत्या. पोरांनी शिकायला जावं. जमीन कुणाची, काय, हे बघायला मंडळी आहेत.

काकू : घ्या! आता ह्यांचा सातबारा निघणार.

काका : निघणारच. तीस वर्षं तेच केलंय. ऐका. १९७४ला ते विद्यापीठ झालं. तेलंगण आंदोलन, मग जय आंध्र, ह्या सगळ्यावर दिल्लीनं सहा कलमी सूत्र काढलं, त्यातून केंद्रीय विद्यापीठ मिळालं. गचिबोवलीला २,३०० एकरांच्या आसपास जमीन दाखवली. त्या वेळी तिथं काय होतं? खडक आणि काटेरी झुडपं. पण जमीन दिली ती दिलीच, मालकीचा फेरफार काही नीट झाला नाही म्हणे. इथं पहिली चूक.

वैनी : म्हणजे आपल्या आत्याबाईंच्या वाड्यासारखंच. राहतात त्या, नाव आजोबांचं.

काका : तसंच समजा. मग २००३-०४ला चंद्राबाबूंच्या सरकारनं त्यातले ४०० एकर एका खाजगी क्रीडा कंपनीला दिले. खेळाडू घडवणार होते. काही घडलं नाही. २००६ला राजशेखर रेड्डींच्या सरकारनं ते रद्द केलं. कंपनी कोर्टात गेली. मार्च २०२४ला हायकोर्टानं निकाल सरकारच्या बाजूनं दिला, मे महिन्यात सुप्रीम कोर्टानंही कंपनीला परत पाठवलं. जमीन सरकारची झाली. सरकारनं ती औद्योगिक महामंडळाकडं दिली. आयटी पार्क, ५० हजार कोटींची गुंतवणूक, पाच लाख नोकऱ्या. यात वाईट काय? ह्याच पोरांना उद्या नोकरी नको का?

वैनी : मीपण तिला हेच विचारलं. तर म्हणते, ‘आई, नोकरीला बसायला खुर्ची लागते, ती दुसरीकडं मांडता येते. तळं उचलून कुठं मांडणार?’ दोन तळी आहेत हो तिथं, एक बफेलो लेक अन् एक पीकॉक लेक. अन् तो मश्रूम रॉक, छत्रीसारखा दगड. ते खडक म्हणे अडीचशे कोटी वर्षांचे.

काका : खडकाला हात लावणार नाही असं सरकारनं सांगितलं होतं. तळ्यालाही नाही. आणि जमीन विद्यापीठाची नाहीच, हद्दीची मोजणी विद्यापीठाच्या लोकांसमोर झाली, असंही सांगितलं.

काकू : आणि विद्यापीठ म्हणालं, अशी हद्द ठरवणारी मोजणी झालेलीच नाही. तुमच्याच खात्यातलं भांडण ते! पण एक सांगा, २००६पासून २०२४पर्यंत त्या जमिनीवर कोण फिरकलं?

काका : कोण फिरकणार? दावा चालू होता. जैसे थे.

काकू : तेच म्हणते मी. अठरा वर्षं ना बिल्डर आला, ना सरकार आलं. तारीख पडत गेली आणि झुडपं वाढत गेली. मोर आले, चितळं आली, तारकासवं आहेत, घोरपडी आहेत. आम्ही एनएसएसच्या शिबिरात दर पावसाळ्यात झाडं लावायचो, खड्डा तोच, रोप नवं, फोटो मात्र दरवर्षी. २०१९ला आपल्या राज्यानं ३३ कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं, किती सोहळे झाले! इकडं एका दिवाणी दाव्यानं एक खड्डा न खणता जंगल उभं केलं.

काका : (हसून) हे मात्र खरं. तारखांचं एवढं चांगलं फळ मी आजच ऐकलं.

वैनी : पण काकू, तेलंगणचे मुख्यमंत्री तर विधानसभेत म्हणाले, तिथं ना वाघ आहे ना हरीण, आहेत ते कावेबाज कोल्हे. पोरं लई चिडली त्यावर.

काकू : चिडली, पण मोकळ्या हातानं चिडली नाहीत. गंमत तिथंच आहे. तुझ्या लेकीनं मागं दिवाळीला सांगितलं होतं बघ, ते वाइल्ड लेन्स म्हणून.

वैनी : हो, विद्यापीठातल्या पोरांनी सुरू केलेला गट. पहाटे दुर्बीण घेऊन निघायचं, पक्षी बघायचे, लिहायचे. तळ्याकाठचं प्लास्टिक वेचायचं. मी म्हणायचे, अगं परीक्षा आहे, पक्षी कुठं जात नाहीत. तर म्हणायची, जातात, म्हणून तर लिहायचं.

काकू : त्या लिहिण्यातून दोनशेच्या वर जातींचे पक्षी कागदावर आले. शास्त्रीय नावात हैदराबाद असलेला एक कोळीही तिथलाच म्हणतात. वर्षानुवर्षं एक तुकडी शिकून गेली, दुसरी आली, वही पुढं चालू. म्हणजे ‘तिथं काहीच नाही’ असं कुणी म्हणालं की पोरांनी यादी पुढं करायची.

काका : यादी कुणी केली, अधिकृत कुणाची, हे प्रश्न येतात हं. उद्या कुणीही उठून वही दाखवेल.

वैनी : काका, खोटंही खूप फिरलं. एआयनं केलेली चित्रं, बुलडोझरपुढं रडणारी हरणं अन् काय काय. एका मोठ्या सनदी अधिकारी बाईंनी तसलं चित्र पुढं ढकललं, तर त्यांनाच पोलिसांची नोटीस.

काका : मग! मी काय म्हणतो?

वैनी : पण लेक म्हणते, त्या चित्रांनी सगळ्यांत जास्त नुकसान आमचंच केलं. खरे मोर असताना खोटी हरणं कशाला लागतात? सरकारला बोलायला आयतं निमित्त मिळालं.

काकू : शहाणी आहे पोर. आणि अधिकृतचं म्हणाल, तर ३ एप्रिलला सुप्रीम कोर्टानं काय केलं? तेलंगण हायकोर्टाच्या न्यायिक रजिस्ट्रारांना सांगितलं, आत्ताच्या आत्ता जागेवर जा आणि बघून सांगा.

काका : म्हणजे स्थळपाहणी. पंचनामा.

काकू : पंचनामाच. त्याच दिवशी अहवाल आला. शंभरेक एकर यंत्रांनी साफ केलेलं, तळं आहे, आणि मोर, हरणं, पक्षी दिसले. कोर्टानं काम थांबवलं. पुढं एक जरी झाड पडलं तर मुख्य सचिव जबाबदार, असं बजावलं. आणि बुधवारी, १६ तारखेला, न्यायमूर्ती गवई म्हणाले, शंभर एकर पूर्ववत कसे करणार ते सांगा, नाहीतर अधिकाऱ्यांना तिथंच तात्पुरता तुरुंग बांधून आत बसवावं लागेल.

वैनी : गवई म्हणजे आपले अमरावतीचे ना?

काकू : अमरावतीचेच. पुढच्या महिन्यात सरन्यायाधीश व्हायचेत.

काका : पण ती नोंदीत जंगल नाही हो! कांचा म्हणून नोंद आहे, आपलं गायरान-पडीक म्हणतो तसं. नोंदीत जे नाही ते कोर्ट कसं धरणार?

काकू : इतकी वर्षं खात्यात काढलीत आणि गोदावर्मन खटला विसरलात? १२ डिसेंबर १९९६. जमीन कुणाच्याही मालकीची असो, कागदावर काहीही लिहिलेलं असो, शब्दकोशातल्या अर्थानं जंगल असेल तर वनसंवर्धनाचा कायदा लागू. परवानगी घेतल्याशिवाय झाड तोडायचं नाही. त्यावरच सगळा दावा उभा आहे.

काका : विसरलो नाही. आमच्या साहेबांनी ते परिपत्रक फाईलला लावलं आणि फाईल कपाटाला लावली.

वैनी : पण एक वाईट झालं हो. जागा उघडी पडली तशी जनावरं सैरावैरा. एक चितळ होस्टेलकडं आलं, कुत्र्यांनी धरलं, गेलं बिचारं. त्या दिवशी पोरगी फोनवर बोलेचना.

काकू : ते कोण भरून देणार? शंभर एकर पूर्ववत करा म्हणणं सोपं आहे. आता कुणी हौसेनं गुलमोहर आणि निलगिरी लावून ‘झालं जंगल’ म्हणू नये म्हणजे मिळवलं. माळाचं जंगल वेगळं. तिथं गवत हवं, बोर हवी, सीताफळ हवं, खडकातलं पाणी हवं. ह्यात पुन्हा त्या पोरांचीच यादी लागणार. काय होतं तेच माहीत नसेल तर परत काय आणणार?

काका : बरं, पण वर्गावर बहिष्कार, घोषणा, हे काय शोभतं? आमच्या वेळी...

काकू : तुमच्या वेळचं राहू द्या, तुमच्या वडिलांच्या वेळचं सांगा! आपण १९५६पर्यंत हैदराबाद राज्यातच होतो. १९३८ला वंदे मातरम् म्हटलं म्हणून उस्मानियातून पोरं काढली ना? औरंगाबादच्या वसतिगृहातून सुरू झालं ते. काढलेल्या पोरांना नागपूर विद्यापीठानं घेतलं, त्यांत नरसिंह राव होते. त्यांच्याही आया म्हणाल्याच असतील, पुढं होऊ नको.

वैनी : (हसत) काका, आता बोला.

काका : बोलायचं काय? खटले तरी मागे घेतले का पोरांवरचे?

वैनी : उपमुख्यमंत्र्यांनीच पोलिसांना तसं सांगितलं म्हणे, ७ एप्रिलला.

काका : मग ठीक आहे. तरी माझं म्हणणं मी सोडत नाही. रोजगार लागतो. शहर वाढतं. सरकारला जमीन लागते.

काकू : लागते. पण घेताना आधी तिथं कोण राहतं ते विचारावं. माणूस राहत असता तर नोटीस दिली असती, सुनावणी घेतली असती. मोराला नोटीस वाचता येत नाही, म्हणून त्याच्या वतीनं पोरं हजर राहिली.

काका : हजर राहिली ते ऐकलं. पण नुसती हजर राहून चालत नाही, मी कोर्टात खेटे घातलेत म्हणून सांगतो. घोषणा दिल्या की कॅमेरा येतो, आठ दिवसांनी दुसरीकडं जातो. कोर्ट विचारतं, तुमच्याकडं काय आहे? ह्यांच्याकडं कागद होता. आमच्या खात्याकडं त्या जमिनीचा साठ वर्षांचा उतारा असेल, पण त्यात एका पक्ष्याची नोंद नाही. त्यांच्या वहीत होती. मला विचाराल तर त्यांनी आमच्या खात्याचंच काम केलं, आणि आमच्यापेक्षा बरं केलं.

वैनी : बाई गं! काका, हे लेकीला सांगू का?

काका : सांगा. आणि विचारा, ती नोंद करतात कशी? तारीख, वेळ, जागा, सही असं काही असतं का?

वैनी : असतं की. तारीख, वेळ, जागा, पक्षी किती. फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षीगणना असते. एका जागी निदान पंधरा मिनिटं थांबायचं, दिसेल ते मोजायचं आणि ई-बर्ड ह्या संकेतस्थळावर टाकायचं. देशभरातली कॉलेजं त्यात भाग घेतात. पैसा लागत नाही.

काकू : मग आपल्या विष्णुपुरीच्या विद्यापीठात का होऊ नये? स्वामी रामानंद तीर्थांचं नाव आहे त्याला. गोदावरीचं पाणी शेजारी, माळ आहे. मी तिथल्या ओळखीच्या प्राध्यापकांना आजच फोन करते. ह्यांनाही घेऊन जाते, नकाशावर हद्द दाखवायला.

काका : हद्द मी दाखवीन. पक्षी पोरांनी दाखवावेत.

काकू : आणि वाचणाऱ्यांनाही एवढंच सांगणं. तुमच्या गावच्या कॉलेजामागं माळ असेल, ओढा असेल, जुनं चिंचेचं झाड असेल, तर तुमच्या पोरांना रोपं वाटायच्या आधी वही द्या. ‘तिथं काहीच नाही’ असं कुणीतरी एक दिवस म्हणणारच आहे. त्याच्या आधी तिथं काय काय आहे ते तारखेसह लिहून ठेवलेलं असलं पाहिजे.