वहिवाटीचे छिद्र

मनुष्यदेहास नऊ द्वारे असतात असे आपली शास्त्रे सांगतात. यंत्रदेहास ती किती असावीत याविषयी मात्र ती मौन पाळतात, आणि हे मौन म्हणजेच संमती असे गृहीत धरून ॲपल कंपनीने ७ सप्टेंबर २०१६ रोजी आपल्या आयफोन ७ चे कर्णद्वार कायमचे बुजवून टाकले. हेडफोन-जॅकचे साडेतीन मिलिमीटरचे भोक बुजविण्यास धैर्य लागते, ही गोष्ट कंपनीचे अधिकारी फिल शिलर यांनी भर सभेत सांगितल्यामुळेच जगास कळली. त्याच दिवशी, त्याच व्यासपीठावरून बिनतारी एअरपॉड्सचीही घोषणा व्हावी, हा निव्वळ शुभयोग. गूगलने आपल्या फोनला जॅक असल्याची फुशारकी मारून पुढल्याच वर्षी तो काढला. सॅमसंगने ॲपलची यथेच्छ टिंगल करून २०१९ साली नोट १० मध्ये तोच कित्ता गिरविला. आणि आतल्या जागेच्या टंचाईची सबब ज्याच्या तोंडी मुळीच शोभत नाही, त्या पाटाएवढ्या आयपॅड प्रोनेही २०१८ साली आपला कान मिटून घेतला.

हे सारे सातासमुद्रापलीकडे राहते तर आम्हा मुंबईच्या दिंडोशीकरांस त्याचे सोयरसुतक नव्हते. परंतु एप्रिल २०२३ मध्ये बेस्ट उपक्रमाने फर्मान काढले की, बसमध्ये मोबाइलवर काही ऐकावयाचे तर ते हेडफोन लावूनच, अन्यथा पोलीस कायद्याखाली कारवाई. त्याच महिन्यात केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी मंत्रालयाने फोन-उत्पादकांना सूचना दिली की, आपत्काळी लोकांपर्यंत वार्ता पोहोचावी म्हणून फोनमधील एफएम रेडिओ बंद ठेवू नये. आणि हा एफएम तर बहुतेक फोनमध्ये हेडफोनच्या तारेलाच एरियल करून चालतो. म्हणजे दोन सरकारी दस्तऐवज ज्या एका छिद्राच्या भरवशावर निर्धास्त उभे होते, ते छिद्र दुकानातून केव्हाच हद्दपार होऊ लागले होते.

मालाड स्टेशनहून दिंडोशीकडे येणाऱ्या बसमध्ये मध्यंतरी या पेचप्रसंगाची रीतसर सुनावणीच झाली. एक वयस्क गृहस्थ खिडकीशी बसून, अवघ्या बसला पुण्यलाभ होईल इतक्या आवाजात कीर्तन ऐकत होते.

“काका, हेडफोन लावा,” कंडक्टर म्हणाला.

गृहस्थांनी विनातक्रार पिशवीतून पिवळसर पडलेला, दोरा गुंडाळून जपलेला इअरफोन काढला, तो नीट उलगडला, आणि मग फोन चारी बाजूंनी फिरवून, पंचनाम्यासाठी मुद्देमाल सादर करावा तशा गांभीर्याने कंडक्टरपुढे धरला. “दाखवा, कुठे लावू?”

कंडक्टरने खाली वाकून पाहिले. “हे काय आहे की!”

“ते चार्जिंगचं.”

“मग ब्लूटूथचे घ्या.”

“घेतले होते. एक मालाडच्या पुलावर पडला. दुसरा आहे, पण एका कानाने कीर्तन निम्मंच ऐकू येतं.”

शेजारी दिंडोशीच्या न्यायालयात वकिली करणारे एक गृहस्थ बसले होते. त्यांच्यापुढे मी एक मुद्दा मांडला: टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बायका एकोणिसाव्या शतकात ज्या खुंट्या खोचून संभाषणे जोडीत, हा जॅक त्यांचेच धाकटे भावंड, १९७९ च्या सोनी वॉकमनपासून तर ते घरोघर रुळले. मग १८८२ च्या कायद्याप्रमाणे वीस वर्षांच्या अखंड वापराने वहिवाटीचा हक्क उत्पन्न होत असेल, तर तो आम्हांस का नसावा?

“वहिवाट दुसऱ्याच्या जमिनीतून असते,” वकीलसाहेब शांतपणे म्हणाले. “फोन तुमच्याच मालकीचा आहे. स्वतःविरुद्ध दावा लावणार असाल तर वकीलपत्र घेतो.”

“मग आवाज तरी कमी करा,” कंडक्टरने तडजोड सुचविली.

“कमी केला तर मला ऐकू येत नाही हो. म्हणून तर इअरफोन घेऊन फिरतो.”

यावर कंडक्टरने भिंतीवरील नियमांकडे पाहिले, फोनकडे पाहिले, तिकिटाचे यंत्र सावरले, आणि, “मग बुवांचं एक तिकीट काढा, फुल,” असे म्हणून तो पुढल्या बाकाकडे वळला.